कोबीचं फूल आपलाच पराग परत का पाठवतं?

कृषी महाविद्यालयात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "मॅडम, कोबीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. परागकोश कुक्षीला, म्हणजे स्त्रीकेसराच्या पराग झेलणाऱ्या टोकाला, जवळजवळ टेकलेले असतात. तरी पिशवी चढवलेल्या झाडाच्या शेंगा रिकाम्या राहतात. झाडाला मेंदू नाही, डोळे नाहीत. मग 'हा पराग माझाच' हे त्याला कळतं कसं? आणि सख्ख्या भावंडांचा पराग चालतो का?"

गेली 24 वर्षं मी कोबी, फुलकोबी आणि मुळ्याच्या संकरित बियाण्यावर काम करते आहे. यातला बराचसा काळ कुलूच्या खोऱ्यात गेला, कारण आपल्याकडच्या मैदानी हवेत कोबीचा गड्डा भरतो, पण त्याला फुलायला लागणारी लांब थंडी मिळत नाही. तुझ्या प्रश्नावरच आमचा धंदा बराच काळ उभा होता, म्हणून जरा बैजवार सांगते.

आधी एक गैरसमज दूर करू. झाडाला 'मी' कळत नाही. ते फक्त एक खूण तपासतं. गुणसूत्रावरच्या एका ठरावीक जागेला आपण 'एस' स्थान म्हणतो. त्या जागी काय आहे, एवढंच बघितलं जातं. सोयरीक जुळवताना आपल्याकडे जुनी माणसं आधी गोत्र विचारायची, तसंच हे. मुलगा कसा दिसतो, काय करतो ते नंतर. सगोत्र निघाला की बोलणी तिथेच संपली. फरक इतकाच की माणसाला गोत्र एक आणि तेही बापाकडून. कोबीच्या झाडाला दोन, एक आईकडून आणि एक बापाकडून. कोबीच्या जातीत अशी पन्नासेक 'गोत्रं' माहीत आहेत. ती आपण एस-1, एस-2 अशी लिहितो.

म्हणून एखादं झाड शंभर कोसांवरून आणलेलं, पूर्ण परक्या वाणाचं असलं, पण त्याची खूण जुळली, तर त्याचा पराग नाकारला जातो. उलट सख्खं भावंड असूनही खूण वेगळी असली, तर बी धरतं. झाड नातं बघत नाही, खूण बघतं. स्वतःचा पराग नाकारला जातो तो एवढ्यासाठीच, की स्वतःची खूण स्वतःशी जुळणारच.

आता ही खूण वाचतं कोण? कोबीची कुक्षी भिंगाखाली बघितलीस तर मखमलीसारखी दिसेल. ती मखमल म्हणजे हजारो लांबट पेशी. मोहरीकुळातली ही कुक्षी कोरडी असते आणि याला फार महत्त्व आहे. परागकण येऊन चिकटतो तेव्हा तो सुकलेला असतो. त्याला फुगायला पाणी हवं आणि ते पाणी फक्त त्या मखमली पेशीच देऊ शकतात. चालणारा पराग आला की पेशी काही मिनिटांत पाणी सोडते, कण टपोरा होतो आणि त्यातून नलिका निघते. न चालणारा आला की पाणीच मिळत नाही. कण आला तसाच सुका पडून राहतो. म्हणजे कोबीमध्ये नकार दारातच मिळतो.

मखमली पेशीच्या बाहेरच्या पडद्यात एक ग्राही प्रथिन रोवलेलं असतं, त्याला एसआरके म्हणतात. त्याचं एक टोक पेशीबाहेर आणि दुसरं आत. परागकणाच्या अंगावर, त्याच्या तेलकट लेपात, एससीआर नावाचं अगदी छोटं प्रथिन असतं. एस-1 चं एससीआर फक्त एस-1 च्या एसआरकेमध्ये बसतं, एस-2 चं फक्त एस-2 मध्ये. कुलूप आणि किल्ली. पण ही किल्ली लागली की दार उघडत नाही, बंद होतं. ग्राहीचं आतलं टोक जागं होतं, पेशीत निरोप जातो आणि पाणी व इतर माल बाहेर पोचवणारी यंत्रणा बंद पाडली जाते. त्या यंत्रणेतला एक्सो70ए1 हा महत्त्वाचा घटकच मोडीत निघतो.

कुलपाचा शोध 1991 च्या सुमारास लागला, किल्लीचा 1999 मध्ये. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जून आणि मिखाइल नसरल्ला या दांपत्याने यावर उभी हयात घातली. जपानी गटही बरोबरीने पुढे होते. मग 2002 मध्ये नसरल्लांच्या गटाने एक प्रयोग केला. अरॅबिडॉप्सिस थॅलियाना हे मोहरीकुळातलं इवलंसं झाड स्वतःच्या परागाने खुशाल बी धरतं. त्यात त्यांनी त्याच्या चुलत जातीतली, अरॅबिडॉप्सिस लायराटातली, कुलूप आणि किल्लीची दोन जनुकं घातली. झाड स्वतःचा पराग नाकारायला लागलं. आतली बाकीची यंत्रणा त्याच्याकडे होतीच, हरवली होती ती फक्त ही जोडी.

कुलूप आणि किल्ली वेगवेगळ्या जनुकांची. मग पिढ्यान्‌पिढ्या त्यांची जोडी फुटत कशी नाही? दोन्ही जनुकं गुणसूत्रावर शेजारी-शेजारी बसलेली आहेत आणि त्या पट्ट्यात अदलाबदल जवळजवळ होत नाही. एस-1 चं कुलूप आणि एस-1 ची किल्ली एकाच पुरचुंडीत बांधून पुढच्या पिढीला मिळतात. ही पुरचुंडी सुटली की सगळी व्यवस्था कोसळते.

आता भावंडांचा प्रश्न. समज, आई एस-1 एस-2 आणि बाप एस-3 एस-4. मुलं चार तऱ्हेची होणार: 1-3, 1-4, 2-3, 2-4. यातल्या 1-3 आणि 2-4 यांच्यात एकही खूण सारखी नाही, त्यांचं जमतं. पण 1-3 च्या कुक्षीवर 1-4 चा पराग टाकला तर? परागकणात गुणसूत्रांचा एकच संच असतो, म्हणजे निम्मे कण एस-1 चे आणि निम्मे एस-4 चे. एस-4 वाले तरी चालायला हवेत, असं वाटतं. कोबीत ते चालत नाहीत. तो अंगावरचा लेप परागकण स्वतः बनवत नाही. परागकोशाचं आतलं अस्तर, टॅपीटम, तो बनवतं आणि ते अस्तर बापझाडाचं असतं, दोन्ही संच असलेलं. त्यामुळे त्या झाडाच्या प्रत्येक कणाच्या अंगावर एस-1 आणि एस-4 दोन्ही किल्ल्या चिकटलेल्या असतात. आत काहीही असो, अंगावर घरचा शिक्का.

यात आणखी एक पेच आहे. काही एस रूपं परागाच्या बाजूला दुसऱ्यापुढे गप्प बसतात. प्रबळ रूपाशेजारून निघणारा एक छोटा आरएनए दुर्बळ रूपाच्या किल्लीचं जनुक टॅपीटममध्ये बंद करून टाकतो. जपानी संशोधकांनी हे 2010 मध्ये दाखवलं. म्हणून तू चाचणीत अ झाडाचा पराग ब वर टाकलास आणि बी धरलं, पण उलटा टाकला आणि धरलं नाही, तर लगेच आपली चूक झाली असं समजू नकोस. ही प्रबळ-दुर्बळाची भानगड असू शकते. माझ्या वहीत सुरुवातीच्या वर्षी अशी कितीतरी पानं 'संशयास्पद' म्हणून खोडलेली आहेत. ती खोडायला नको होती.

इथपर्यंत कोबी झाला. आता पेटुनिया, शोभेचा तंबाखू आणि सफरचंदाकडे ये. स्वतःचा पराग नाकारण्याला 'स्व-असंगतता' म्हणतात. अनेक पुस्तकांत या एकाच शब्दाखाली दोन अगदी उलट गोष्टी कोंबलेल्या असतात आणि मुलांचा गोंधळ तिथेच होतो.

पेटुनियात पराग दारात अडवला जात नाही. त्याला पाणी मिळतं, नलिका निघते, कुक्षीवृंतात, म्हणजे कुक्षीखालच्या दांड्यात, शिरते आणि साधारण वरच्या एक-तृतीयांश भागात थबकते. कुक्षीवृंताच्या पेशी तिथे एस-आरएनएज नावाचं विकर (एन्झाइम) सोडत असतात आणि त्याचं काम आरएनए कातरणं. नलिकेत ते शिरलं आणि मोकाट राहिलं, तर प्रथिनं बनणं थांबतं आणि नलिका मरते. मेलबर्नमध्ये एड्रिएन क्लार्क यांच्या गटाने 1986 मध्ये शोभेच्या तंबाखूतून हे जनुक वेगळं केलं आणि 1989 मध्ये ते आरएनए कातरणारं निघालं.

गंमत अशी की हे विष सगळ्याच नलिकांत शिरतं, आपल्याही आणि परक्याही. मग परकी वाचते कशी? परागाकडे एसएलएफ नावाच्या प्रथिनांचा जुडगा असतो. पेटुनियात एकेका एस रूपामागे अशी पंधरा-वीस जनुकं आहेत. त्यातलं एकेक प्रथिन एकदोन तऱ्हेची परकी एस-आरएनएजं ओळखतं, त्यांच्यावर मोडीत काढायची खूण लावतं आणि पेशीतली कचरा-यंत्रणा त्यांचा चुरा करते. या जुडग्यात फक्त एकच उतारा नसतो: स्वतःच्या विषावरचा. म्हणून आपल्या घरातच नलिका मरते. पेटुनियातलं हे सामूहिक काम 2010 मध्ये उलगडलं.

हे दोन्ही शेजारी ठेवून बघ. कोबी 'ओळखलं' म्हणून नाकारतो. पेटुनिया 'ओळखता आलं नाही' म्हणून नाकारते. कोबीत जुळणं म्हणजे नकार, पेटुनियात जुळणं म्हणजे सुटका. परिणाम एकच, तर्क उलटा. याचा पडताळाही आहे. पेटुनियाचं झाड चतुर्गुणित केलं, म्हणजे त्यातले गुणसूत्रांचे संच दोनाचे चार केले, की त्याच्या परागात दोन-दोन एस रूपं येतात. समज, एस-1 आणि एस-2 एकत्र आली. एस-1 च्या जुडग्यात एस-2 वरचा उतारा असतो आणि एस-2 च्या जुडग्यात एस-1 वरचा. दोन्ही विषं निकामी होतात आणि झाड स्वतःच्या परागाने बी धरायला लागतं. कोबी चतुर्गुणित केला तर सहसा असं होत नाही, तिथे किल्ली लागायची ती लागतेच. तोंडी परीक्षेत कुणी विचारलं तर हे उदाहरण दे.

पेटुनियात विषावरचा उतारा परागनलिका स्वतः बनवते, बापझाड नव्हे. म्हणून तिथे 1-3 वर 1-4 टाकलं तर एस-4 चे निम्मे कण पार होतात. सफरचंदात बागायतदार हे रोज भोगतात. रेड डिलिशसची खूण एस-9 एस-28, गोल्डन डिलिशसची एस-2 एस-3, म्हणून गोल्डनचा सगळा पराग रेडला चालतो. फुजी एस-1 एस-9 आहे, तिचा निम्माच चालतो. आणि कलमाने वाढवलेली रेड डिलिशसची हजार झाडं जनुकांच्या हिशेबाने एकच झाड. हिमाचलात बहराच्या वेळी पाण्याच्या डब्यात परागदात्या वाणाच्या फुललेल्या फांद्या खोचून झाडांना टांगलेल्या मी बघितल्या आहेत, तिथे त्याला 'बुके' म्हणतात. आपल्याकडे कमी थंडीची सफरचंदं लावायची हौस आता वाढली आहे. नुसतं 'अ‍ॅना' लावून बसलेल्या माणसाला मी एवढंच सांगते, की मध्ये 'डॉर्सेट गोल्डन' लाव.

बाकीच्या तऱ्हा थोडक्यात. खसखशीच्या कुळातल्या रानपॉपीमध्ये खूण जुळली की परागनलिकेत कॅल्शियमचा लोंढा शिरतो, तिचा सांगाडा मोडतो आणि ती स्वतःच स्वतःला संपवते. प्रिम्युलामध्ये फुलांचे दोन नमुने असतात, एकाचा कुक्षीवृंत लांब आणि दुसऱ्याचा आखूड. डार्विनने 1862 मध्ये त्यावर लिहिलं होतं. लांबाचं आखूडाशी जमतं, सारख्याचं सारख्याशी नाही. वेगवेगळ्या कुळांनी ही युक्ती स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या जनुकांनी साधली आहे. आपल्या घाटमाथ्यावरचा कारळा म्हणजेच खुरासणी, ज्याची चटणी आपण भाकरीवर घेतो, तोही स्वतःचा पराग घेत नाही. तो सूर्यफुलाच्या कुळातला. नकाराची पद्धत कोबीसारखी, बापझाडाच्या शिक्क्याची, पण या कुळात कोबीचं कुलूप वापरलेलं दिसत नाही. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे पिवळ्याधमक खुरासणीच्या शेतात मधमाश्या कमी झाल्या की बोंडं पोचट का राहतात, त्याचं उत्तर यात आहे. तिथे फुलोऱ्यात फवारणी करणं म्हणजे आपल्याच हाताने उत्पन्न घालवणं. हे मी प्रत्येक मेळाव्यात सांगते आणि सांगत राहणार.

आता आमच्या कामाकडे येते. संकरित बी काढायचं तर अ ओळीवर ब चा पराग पडायला हवा, अ चा नको. ओळ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपलेला एकसारखा वंश. हजारो बारक्या फुलांचे पुंकेसर चिमट्याने काढणं शक्य नाही. अ ओळ एस-1 एस-1 आणि ब ओळ एस-2 एस-2 अशी तयार केली आणि आलटून-पालटून लावली, की बाकीचं मधमाश्या बघतात. दोन्ही ओळींवरचं बी संकरित. जपानमध्ये 1950 च्या सुमारास हे बाजारात उतरलं.

पण जी ओळ स्वतःचा पराग घेत नाही, तीच ओळ टिकवायची कशी? फुलाची एक फट आपल्याला सापडलेली आहे. एसआरके कुक्षीत भरतं ते फूल उमलायच्या एखाद-दोन दिवस आधी. त्याआधी कुलूप बसलेलंच नसतं. म्हणून कळीत परागण करायचं. दांड्यावर सगळ्यात वरचं उमललेलं फूल धर, त्याच्या वरच्या दोन-तीन कळ्या सोड, चौथी-पाचवी घे. चिमट्याचं टोक कळीच्या बाजूने घाल, पाकळ्या जरा फाक, हिरवी कुक्षी बाहेर आली पाहिजे, पण ती खरचटली नाही पाहिजे. त्याच झाडाच्या कालच्या फुलाचा परागकोश तिच्यावर टेकव. पुढची कळी. कुलूला आमच्याकडे काम करणाऱ्या बायकांचा हात असा बसलेला असतो, की त्यांची कळी कधी तुटत नाही. शेंग भरली की तिच्यात पंधरा-वीस दाणे सहज मिळतात. त्याच झाडाच्या उमललेल्या फुलावर तोच पराग टाकला तर शेंगेमागे एखादा दाणा मिळाला तर मिळाला. या दोन आकड्यांतली दरी जितकी मोठी, तितकी ओळ भरवशाची.

मोठ्या प्रमाणावर ओळ वाढवायची तर जाळीघर बंद करून आत कार्बन डायऑक्साइड 3 ते 5 टक्क्यांपर्यंत नेतात, त्याने नकार ढिला पडतो. जपानी संशोधकांनी 1969 मध्ये ही रीत दाखवली. काही जण मिठाच्या पाण्याची फवारणी करतात.

हा नकार उन्हानेही ढिला होतो आणि तो धडा मला महागात पडला. एका वर्षी एप्रिलमध्ये खोऱ्यात अचानक ऊन चढलं, ते आठ-दहा दिवस उतरलंच नाही. शेंगा छान भरल्या, सगळे खूश. ग्रो-आउट टेस्टमध्ये, म्हणजे बी पेरून त्याची शुद्धता तपासताना, वाफ्यावर गेले, तर एकसारख्या झाडांमध्ये मध्येच खुरटी, गड्डा न धरणारी झाडं उभी. ती संकरित नव्हती, त्या ओळीचं स्वतःचंच बी होतं. अख्खी लॉट बाद केली. तेव्हापासून मी कुठलीही ओळ तापलेल्या हवेत तपासल्याशिवाय पुढे नेत नाही. आता बहुतेक कंपन्या सीएमएस, म्हणजे परागच न धरणाऱ्या ओळी वापरतात आणि अशी भेसळ तिथे टळते. तरीही माझं मत आहे की एसआय, म्हणजे स्वतःचा पराग नाकारणाऱ्या, ओळींचं काम सोडू नये. सीएमएस संकराच्या झाडात पुढे पैदास करायला परागच उरत नाही. एसआय संकरात तो असतो.

तुला स्वतः बघायचं असेल तर कोबीची वाट बघू नकोस, मुळा घे. तोही मोहरीकुळातला, कुलूप तेच आणि आपल्या मैदानात तो फुलतो. डिंगऱ्यांसाठी वाफ्यात एकटाच सोडलेला मुळा फुलतो खूप, पण शेंगा विरळ धरतो आणि चार-पाच एकत्र सोडले की लगडतात, हे घरी आजीने बघितलेलं असेल. बी 'पुसा चेतकी'सारख्या सुधारित वाणाचं घे. संकरित पाकीट नको: एकाच संकराची सगळी झाडं एकाच खुणांची असतात, एकमेकांनाही नाकारतील, आणि संकर सीएमएसचा असला तर पराग मिळणारच नाही.

दोन झाडांवर उमललेली फुलं काढून टाक आणि बटरपेपरच्या पिशव्या चढव. नंतर रोज सकाळी, परागकोश फुटले की, एका झाडावर तीन रंगांचे दोरे बांध. लाल म्हणजे उमललेलं फूल आणि स्वतःचा पराग, पांढरा म्हणजे कळी आणि स्वतःचा पराग, हिरवा म्हणजे उमललेलं फूल आणि दुसऱ्या झाडाचा पराग. प्रत्येक रंगाची वीस-वीस फुलं कर. प्रत्येकातली चार-पाच दुसऱ्या दिवशी तोड. कुक्षी सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ कर, अ‍ॅनिलीन ब्लूमध्ये रंगव आणि विभागात फ्लोरेसन्स सूक्ष्मदर्शक असेल तर काचपट्टीवर दाबून त्याखाली बघ. हिरव्या दोऱ्याच्या कुक्षीवृंतात नलिकांच्या उजळ धारा अंडाशयाकडे उतरताना दिसतील. लाल दोऱ्याच्या कुक्षीवर मोजके कण आणि मखमली पेशींच्या टोकाला उजळ ठिपके, त्याखाली काळोख. हिरव्यालाही काळोख दिसला तर घाबरू नकोस. त्या दोन झाडांच्या खुणा जुळल्या असतील. तिसरं झाड घे आणि पुन्हा टाक.